विकलेल्या घराचा मालक

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. नाही, तुमचं तोंड आत्ताच वाकडं व्हायला लागलंय. चहा घ्या, बिस्किट बुडवा आणि गप ऐका. माणूस स्वतःचं घर विकतो, रजिस्ट्रारसमोर सह्या करतो, अंगठे देतो, फोटो काढून घेतो आणि पुढच्याच महिन्यात त्याच घरात उभा राहून 'हे घर विकलेलंच नाही' असं परक्या लोकांना ठासून सांगतो. असा माणूस असतो का कुठे? असतो. तुमच्यासमोरच बसून चहा पितोय.

तर झालं असं. नेरूळचा आमचा वन बीएचके आम्ही विकायला काढला. बावीस वर्षं राहिलो होतो तिथे. मी रबाळ्याला एका पॅकेजिंगच्या कारखान्यात क्वालिटी बघतो, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढणं हाच माझा धंदा. माझी बायको मीनल म्हणते, घरी आलास तरी तुझी ड्युटी संपत नाही. उलव्याला जरा मोठं घर बुक केलं होतं. जुनं विकल्याशिवाय नवं घेणं शक्य नव्हतं, आणि नव्याचा ताबा मिळायला अजून तीन महिने होते. मग मधले तीन महिने राहायचं कुठे? सामान घेऊन तीन महिन्यांपुरतं भाड्याने जायचं आणि परत हलायचं? मीनल म्हणाली, मी एकदाच कपाटं रिकामी करणार, दोनदा नाही.

घर घ्यायला आले शिरवण्याचे म्हात्रे. अंगापिंडाने मजबूत माणूस, मनगटात जाड कडं, आणि आवाज असा की हळू बोलले तरी खालच्या मजल्यावर ऐकू जावं. मुलगी प्राजक्ता हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. घर ती स्वतः कर्ज काढून घेत होती, वडिलांचा थोडा हातभार होता. कागदावर नावं दोघांची. प्राजक्ताने दोन्ही खोल्या बघितल्या, खिडकीतून बाहेरचा गुलमोहर बघितला आणि म्हणाली, बाबा, हेच. मी चाचरत तीन महिन्यांचा विषय काढला. म्हात्रे म्हणाले, "घर काय पलून जातंय का? ऱ्हावा आरामात. भाडा-बिडा काय नको."

आता दुसरा कोणी असता तर त्याने हात जोडले असते. मी म्हणालो, लेखी करू या. क्वालिटीचा माणूस ना! वकीलबाईंकडून दोन पानी कागद करून घेतला. खरेदीखत झाल्यापासून तीन महिने विकणाऱ्याला घरात राहण्याचा हक्क. त्याने घरात काही फेरफार करायचा नाही. आणि कलम चार, जे मी आग्रहाने घालायला लावलं: घेणाऱ्याला घरी यायचं असेल तर त्याने चोवीस तास आधी कळवावं. म्हात्र्यांनी कागद न वाचताच सही केली. मी मात्र तो रोज वाचायचो. मीनल म्हणाली, आपल्या लग्नाची पत्रिका तू एकदाच वाचली होतीस, तीही छापून आल्यावर.

खरं सांगू? खरेदीखत झालं आणि घरात काहीतरी बदललं. भिंती त्याच, पंखाही तसाच कुरकुरणारा. पण एक दिवस कॅलेंडरसाठी खिळा ठोकायला गेलो आणि हातोडी तशीच खाली ठेवली. बावीस वर्षं या भिंतीला पाहिजे तिथे भोकं पाडली होती. आता विचारावं लागणार होतं. मनात ते राहिलं.

त्यातच शेजारच्या परबांनी काडी टाकली. परब आमच्या समोरच्या दारात राहतात आणि वाईट बातमी सगळ्यात आधी त्यांनाच कळते. ते म्हणाले की हल्ली लोक घर घेतात आणि महिन्याभरात दुसऱ्याला विकून मोकळे होतात. नवा मालक तुमचा कागद कशाला मानेल? त्यांच्या ओळखीत एकाचं सामान असंच जिन्यात आणून ठेवलं होतं म्हणे. त्या दिवसापासून लिफ्टचं दार वाजलं की मी दाराच्या भिंगातून बघायला लागलो.

आणि मग तो रविवार आला. संध्याकाळची वेळ होती. मीनल बहिणीकडे वाशीला गेली होती. बेल वाजली. दार उघडलं तर पन्नाशीच्या एक बाई, कडक इस्त्रीची साडी, बारीक नजर. मागे त्यांचे यजमान, हातात मिठाईचा पुडा. बाई म्हणाल्या, "घर बघायला आलोय. म्हात्र्यांनी पत्ता दिला."

माझ्या डोक्यात परबांचं सगळं भाषण एका क्षणात परत वाजलं. घर बघायला. म्हात्र्यांनी पत्ता दिला. म्हणजे महिना पुरा व्हायच्या आत हे घर बाजारात! तुम्ही म्हणाल, मग विचारायचं ना, आपण कोण म्हणून. बरोबर आहे तुमचं. दोन शब्दांचा प्रश्न होता. तेवढे दोन शब्द बोललो असतो तर आज तुम्हाला सांगायला माझ्याकडे काही नसतं.

मी त्यांना आत घेतलं, पण नुसतं घर दाखवायला नाही. मी ठरवलं की हे गिऱ्हाईक पळालं पाहिजे.

बाई सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याशेजारी फ्रीज मावेल का ते वीत टाकून मोजायला लागल्या. यजमानांनी पुडा टीपॉयवर ठेवला आणि नळ सोडून बघितला. मी सुरू झालो. पाणी सकाळी पाऊण तास येतं, तेही त्याच्या मनात असेल तर. दुपारी पश्चिमेचं ऊन असं येतं की पोळी तव्याशिवाय भाजेल. वरच्या मजल्यावरचे पहाटे मिक्सर लावतात, आपल्याच डोक्यात चटणी वाटताहेत असं वाटतं. नोकरीत जन्म गेला चुका काढण्यात, त्यामुळे मला थांबता येईना. शेवटी बाथरूमपाशी आणून वर बोट दाखवलं. हे छत गळतं, म्हणालो, वरून रंग दिलाय म्हणून दिसत नाही.

बाईंनी छताकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हात्र्यांना हे सांगितलंय का तुम्ही?"

"सांगायचा प्रश्न येतोच कुठे?" मी म्हणालो. "घर विकलंय कोणी? मालक मी आहे. हे घर विकलेलं नाही, आणि मी इथून हलणार नाही."

बाईंनी नवऱ्याकडे एकदा बघितलं, टीपॉयवरचा मिठाईचा पुडा उचलला, पिशवीत ठेवला आणि दोघं निघून गेले. पुडा परत गेला याचा मला केवढा आनंद झाला! लाच घेऊन आले होते, म्हटलं, आणि कसे हात हलवत परत गेले.

मीनल आल्यावर मी तिला सगळी लढाई रंगवून सांगितली. ती चप्पल काढता काढता थांबली. कोण होते ते, तिने विचारलं. मी म्हणालो, गिऱ्हाईक. नाव काय? मी पंख्याकडे बघायला लागलो.

"तू त्यांचं नावही विचारलं नाहीस?" ती म्हणाली. एवढंच. पण त्यानंतर तिने चहा केला तो एकच कप, आणि तो स्वतः प्यायली.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यातून नुकता आलो होतो. एक बूट काढला होता, दुसरा पायात होता. बेल वाजली. भिंगातून बघितलं तर म्हात्रे, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना त्यांच्याच मापाचे दोन जण. पुढे कळलं की ते त्यांचे भाऊ होते आणि एकाला गुडघेदुखी होती, पण भिंगातून गुडघे दिसत नाहीत. मी कडी लावली, साखळी लावली आणि दाराला दोन्ही हात टेकवून, एका पायात बूट घालून उभा राहिलो.

म्हात्रे म्हणाले, दार उघडा, बोलायचंय. मी आतूनच म्हणालो, "म्हात्रे साहेब, कलम चार. चोवीस तास आधी कळवायचं ठरलंय आपलं."

मला वाटलं, आता दार आत येणार. मीनल मागे उभी राहून मला बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी काळजी समजलो. ती काळजी नव्हती.

मग बाहेरून आवाज आला, "बरा. आता वाजलं किती?" कोणीतरी सांगितलं, साडेसात. "मंग हा कलवला तुमाला. उद्या साडेसातला येतो. बसून बोलू." आणि तिघंही जिना उतरून गेले. लिफ्टला हात न लावता, सावकाश.

मी साखळी धरून तसाच उभा. दार तोडलं असतं तर मी ओरडलो असतो, परबांना हाक मारली असती, कागद नाचवला असता. पण आपलंच कलम ऐकून मुकाट परत जाणाऱ्या माणसाचं काय करायचं? त्यावर कागदात काही लिहिलेलं नव्हतं.

अर्ध्या तासाने मीनलचा फोन वाजला. प्राजक्ता होती. मीनलने फोन स्पीकरवर टाकला. पोरीचा आवाज अगदी खाली गेलेला होता. रविवारी आलेले ते जगताप, तिचे होणारे सासू-सासरे. कळंबोलीला त्यांचे ट्रक आहेत. मूळचे साताऱ्याकडचे. प्राजक्ताचं आणि त्यांच्या मुलाचं जमलं तेव्हा दोन्ही घरांत कुणालाच पटलं नव्हतं. आगरी आणि देशावरचे, कसं जुळणार म्हणून. दीड वर्ष दोघांनी आपापल्या आईबापांची समजूत काढली. सासूबाईंची तक्रार एकच होती, म्हात्रे मोठं मोठं बोलतात. आणि रविवारी त्या सून आणि मुलगा जिथे संसार थाटणार ते घर बघायला मिठाई घेऊन आल्या, तर तिथे एक गृहस्थ भेटले आणि म्हणाले की हे घर विकलेलंच नाही.

आता जगताप म्हणत होते की साखरपुड्याचं जरा थांबून बघू. म्हात्रे कालपासून जेवले नव्हते.

मी पार वाळून गेलो. म्हटलं, प्राजक्ता, पण मला कोणी सांगितलं असतं तर… ती म्हणाली, "काका, मी कळवलं होतं ना तुम्हाला. तुम्ही हो म्हणालात."

मीनलने माझा फोन उचलला. शनिवारी दुपारचा मेसेज होता. 'काका, उद्या संध्याकाळी माझ्या सासरची मंडळी घर बघायला येणार आहेत. चालेल ना?' आणि खाली माझा अंगठा. शनिवारी कारखान्यात मशीन बंद पडलं होतं, सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून भांडण चाललं होतं, आणि मी जो दिसेल त्या मेसेजला अंगठे देत सुटलो होतो. मीनलने बोटांवर मोजलं. "सव्वीस तास आधी कळवलंय तिने," ती म्हणाली. "कलम चार."

मी म्हणालो, मी आत्ताच जगतापांना फोन करतो. प्राजक्ता म्हणाली, फोनवर नको, बाबांनी त्यांनाही उद्या साडेसातला बोलावलंय, समोरासमोर सांगा. म्हणजे मी दाराआडून कलम मारलं ते उलट माझ्याच अंगावर चोवीस तास आलं. फासावर जाणाऱ्यालाही एवढी लेखी मुदत कोणी देत नसेल.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात उलटी लेबलं लागलेली एक अख्खी खेप मी पास केली. नोकरीत पहिल्यांदाच. मनातल्या मनात भाषण पाठ करत होतो: घर तुमचं आहे, मी चुकलो, सगळं खोटं बोललो. आणि दुपारी डबा उघडताना घास हातातच राहिला. सगळं खोटं नव्हतं. बाथरूमचं छत खरंच गळत होतं. थोडंसं, वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींच्या मोरीतून. घर दाखवायला काढलं त्याआधी मीच त्यावर रंगाचे दोन हात मारले होते, आणि म्हात्र्यांनी विचारलं तेव्हा छातीठोकपणे सांगितलं होतं की कुठे थेंब नाही.

आता बघा माझी अवस्था. गळत नाही म्हटलं तर जगतापांशी खोटं बोललो. गळतं म्हटलं तर म्हात्र्यांना फसवलं. आणि दोघंही एकाच सोफ्यावर बसणार होते.

साडेसातला, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही, बेल वाजली. म्हात्रे उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि म्हणाले, "येऊ का?" स्वतःच्या घरात यायला परवानगी मागत होते. यापेक्षा त्यांनी दोन लगावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सगळे बसले. मी उभाच राहिलो. मीनलने चहा आणि पोहे केले होते, पण पोह्यांच्या बशीला कोणी हात लावला नाही. मी खरेदीखताची प्रत जगतापबाईंच्या हातात दिली आणि सांगितलं की घर यांचं आहे, मी इथे यांच्या मेहरबानीवर राहतोय. तुम्ही दुसरे गिऱ्हाईक आहात अशी माझी समजूत झाली आणि तुम्हाला पळवून लावायला मी वाटेल ते बोललो.

बाईंनी खरेदीखत पहिल्या पानापासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचलं. मग चष्मा काढला. पाण्याचं काय, त्यांनी विचारलं. पाणी दोन्ही वेळ येतं, मी म्हणालो. ऊन? येतं, पण पडदा ओढला की जाणवत नाही. वरचे मिक्सरवाले? वर एक आजी एकट्या राहतात, त्यांच्याकडे मिक्सर आहे की नाही तेही मला माहीत नाही.

"आणि छत?"

म्हात्र्यांनी कप खाली ठेवला. "हां साहेब," ते म्हणाले, "गलतंय का नाय गलत? ह्यो सवाल माझा पन हाय."

मी मीनलकडे बघितलं. ती माझ्याकडे अशी बघत होती की बावीस वर्षांत पहिल्यांदा मला तिची भीती वाटली नाही, लाज वाटली.

"गळतं," मी म्हणालो. "तुम्हाला दाखवायच्या आधी मी रंग मारला होता."

म्हात्रे उठले, बाथरूममध्ये गेले. त्यांचा हात सहज छताला पोचतो. परत आले ते उजवा अंगठा वर करूनच. त्यावर ओलसर रंगाचा पापुद्रा चिकटलेला. तो त्यांनी माझ्या नाकासमोर धरला. दोन दिवसांत दुसऱ्यांदा माझी लाज अंगठ्याने काढली.

आणि तेवढ्यात जगतापबाई हसायला लागल्या. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून. "आजवर घरं दाखवणारे लई बघितले," त्या म्हणाल्या. "घर दाखवताना घराची बदनामी करणारा माणूस पहिल्यांदा बघितला." मग म्हात्र्यांकडे वळून म्हणाल्या, "पटलं बघा तुमचं. घर खरंच घेतलंय तुम्ही. खोट्या घराला गळती कोण कशाला लावंल?"

मग त्यांनी पिशवीतून तोच मिठाईचा पुडा काढून टीपॉयवर ठेवला, आणि म्हात्र्यांनी दोन दिवसांनंतरचा पहिला घास आमच्या पोह्यांचा घेतला. सगळे बोलायला लागले. मी अजून उभाच होतो. म्हात्रे मला जवळ बसवून म्हणाले, "साहेब, तवाच सांगितला असता तरी मी घेतला असता. पोरीला आवडला ना." ते जे लागलं ते आजपर्यंत लागलेलं आहे.

मी म्हणालो, जायच्या आधी बाथरूम माझ्या खर्चाने दुरुस्त करून देतो. आणि सवय म्हणून पुढे जोडलं की कलम तीनप्रमाणे मला घरात फेरफार करता येत नाही, तर तुमची लेखी परवानगी लागेल.

"त्यो कागद," म्हात्रे म्हणाले, "आता जरा आतमधी ठेवा."

त्यानंतर दुरुस्तीसाठी वरच्या आजींची मोरी फोडली, मग आमचं बाथरूम फोडलं, आणि मिस्त्री गावाला गेला तो महिन्याने उगवला. ज्या तीन महिन्यांच्या हक्कासाठी मी दाराला साखळ्या लावल्या, त्यातला एक महिना आम्ही रोज सकाळी बादली आणि टॉवेल घेऊन परबांच्या दारात रांग लावली. परबांना तेवढी शिक्षा झालीच पाहिजे होती असं मीनलचं मत. प्राजक्ता काम बघायला यायची, प्रत्येक वेळी आदल्या दिवशी कळवून. मी प्रत्येक मेसेज दोनदा वाचायचो आणि उत्तर पूर्ण वाक्यात लिहायचो.

मुदत संपायच्या दिवशी किल्ल्या दिल्या आणि उलव्याला आलो. छत कोरडं ठणठणीत करून दिलं होतं. निघताना मीनल त्या गुलमोहराच्या खिडकीशी जरा वेळ उभी राहिली. प्राजक्ता म्हणाली, काकू, कधीही या, आधी कळवायची गरज नाही.

लग्न शिरवण्याला झालं. मोठा मांडव, बेंजो, हळदीला नाचून घसा बसलेली माणसं. आम्हाला आमंत्रण होतं, अगदी घरी येऊन दिलेलं. पंगतीत माझ्या शेजारी साताऱ्याकडचे एक म्हातारे पाहुणे बसले होते, फेटा बांधून. जिलबी मोडता मोडता त्यांनी विचारलं, "पाव्हणं, तुमी मुलीकडचं का मुलाकडचं?"

मी तोंड उघडलं. पण काय सांगणार? मागे म्हात्रे आग्रह करत फिरत होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ते ना? ते घराकडचे."

म्हाताऱ्याने मला फेट्याखालून नीट बघून घेतलं. म्हणजे गोष्ट साताऱ्यापर्यंत पोचली होती. मग त्यांनी वाढणाऱ्याला हाक मारली, "ए, ह्यांच्या पानावर आणखी चार जिलब्या टाक. हे काय लवकर उठायचे नाहीत."